जास्वंदीचं मूळ गाव

भोर तालुक्यात, भोंगवलीसारख्या गावात कुणालाही विचारावं, ‘ही जास्वंद कुठली?’ उत्तर येईल, ‘कुठली म्हणजे? इथलीच की!’ परसात, विहिरीजवळ, देवळामागे ती असतेच. पण भोरच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रानात कितीही हिंडा, ही लाल जास्वंद आपोआप उगवलेली भेटणार नाही.

कारण साधं आहे. तिला सहसा बी धरत नाही. फूल उमलतं, मिटतं, गळून पडतं. मागे बोंड राहत नाही. पावसाळ्यात फांदी तोडून मातीत खोचली, की ती फुटते. म्हणजे आपल्याकडचं जास्वंदीचं झाड बहुधा कुणीतरी कुणाला दिलेलं असतं.

हे देणं फार जुनं आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त संध्याकाळच्या लालीला ताज्या जपाकुसुमाची उपमा आहे. जपाकुसुम म्हणजे आपली जास्वंद. पुढे कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ करवून घेतला. 1678 ते 1693 या काळात त्याचे बारा खंड निघाले. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी त्याला मदत केली. त्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेलं आहे. या ग्रंथात जास्वंदही आहे, तिच्या मल्याळी नावाने. त्या नावाचा अर्थ ‘तांबडा कापूस’. नाव अगदी नेमकं आहे. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद एकाच कुळातली. भेंडीचं फूल तिच्या शेजारी ठेवून बघा, नातं लगेच कळेल.

1753 मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ ‘चीनचा गुलाब’. पण चीनच्या रानातही ती मूळची म्हणून सापडली नाही. तिचे रानटी सोयरे सापडतात ते बेटांवर: फिजी, हवाई, व्हानुआतू, मॉरिशस. अलीकडे काही अभ्यासकांनी असं मत मांडलं आहे, की व्हानुआतूची एक आणि ताहितीकडची एक अशा दोन जातींच्या संकरातून आपली जास्वंद झाली, आणि होड्यांतून बेटं वसवणाऱ्या माणसांनी त्या जाती एकत्र आणल्या. तसं असेल, तर तिला रानातलं मूळ गावच नाही. ती माणसांच्या अंगणातच जन्मली.

आमच्यासारख्या मुसलमान घरांच्या परसातली फुलंही शेजारच्या गणपतीला जातात. तेव्हा ना फुलाला कुणी गाव विचारत, ना परसाला. मला या झाडाचा इतिहास जवळचा वाटतो तो यासाठी. किती पिढ्या रुजलं म्हणजे झाड ‘इथलं’ होतं, याचं उत्तर लोकांनी वाद न घालता कधीच देऊन टाकलं आहे.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती मॉरिशसमध्ये दिसते. 1834 पासून त्या बेटावर करारावर भारतीय मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरी आणि आपल्या शेजारच्या सातारा भागातली मराठी माणसं होती. गणेश चतुर्थीला तिथे आज सरकारी सुट्टी असते. बागेतली लाल जास्वंद तिथेही आहे. आणि त्याच बेटावर कोर द गार्द आणि ल मोर्न या डोंगरांच्या उतारांवर तिची एक रानटी बहीण तग धरून आहे. स्थानिक लोक तिला मांद्रिनेत म्हणतात. जगात दुसरीकडे ती रानात कुठेही नाही. बाहेरून आलेल्या झुडपांनी तिची जागा खाल्ली आहे. त्यात बागेतल्या जास्वंदीशी तिचा संकर होतो, आणि तिची शुद्ध जात विरत जाण्याचा धोका आहे.

सह्याद्रीत जास्वंदीने कुणाची जागा घेतली नाही. मॉरिशसमध्ये मात्र तिच्यापासून सख्ख्या बहिणीलाच जपावं लागतं आहे. दोष झाडाचा नाही. ते चालत आलेलं नाही. फांदी खोचणारे हात आपले आहेत. तेव्हा शेजारी आधीपासून कोण राहतं, हे बघण्याचं कामही आपलंच.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)