यहोशवाचे दगड आणि पेणचे सिनेगॉग
यार्देन ओलांडल्यावर यहोशवाने नदीपात्रातले 12 दगड गिलगालला उभारले. पुढच्या मुलांनी त्यांचा अर्थ विचारावा, हा हेतू. पूजा दगडांची नव्हे. उपासनेचे स्तंभ तर ‘अनुवाद’ ग्रंथाने निषिद्धच ठरवले. रायगडातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे आपल्या शनवार तेल्यांनी, हा भेद पाळला. पेणचे सिनेगॉग 1863चे. नाव ‘बेथ हा-एलोहिम’, देवाचे घर. पण आत ना मूर्ती, ना बळीची वेदी. तोरा ग्रंथाची पेटी जेरुसलेमच्या दिशेला, इथून पश्चिमेला. रोह्यालाही सिनेगॉग आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला मात्र खडकावर एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात, नवसाचा मलिदा होतो. काटेकोर शास्त्रात न बसणारी ही जागाच मला अधिक बोलकी वाटते. 1948नंतर पेणकर, रोहेकरांसारखी बहुतेक घरे इस्राएलला गेली. दगडांचा अर्थ विचारणारी मुले आता तिथून खंडाळ्याला येतात.