आधीं काम, मग शिकवण

दिवाळीच्या आधीं आठ-पंधरा दिवस आमच्या घरीं रंगविलेल्या पणत्यांचा एक पुडा येतो. त्या आमच्या एका जुन्या स्नेह्यांच्या मुलाच्या हातच्या असतात. मुलगा म्हणावयाचा, पण वय आतां एकतीस वर्षांचें. बुद्धीची वाढ लहानपणींच मंदावलेली. बोलणें तुटक, परंतु स्वभाव गोड आणि हात अत्यंत नेटका. पणतीच्या कांठावर त्यानें ओढलेली सोनेरी रेघ वांकडी गेलेली आम्हीं कधीं पाहिली नाहीं. बारा वर्षांपूर्वीं त्याच्या वडिलांनीं आमचा सल्ला विचारला, तेव्हां मुलास एका प्रशिक्षणवर्गांत घालावें, असें आम्हींच सुचविलें होतें. ‘तेथें तो कामास योग्य होईल, मग नोकरीचें पाहतां येईल,’ हे आमचे शब्द. गेल्या दिवाळींत पणत्या देऊन उठतांना ते स्नेही म्हणाले, “प्रोफेसरसाहेब, बारा वर्षें झालीं. हा योग्य केव्हां व्हावयाचा? आणि आमच्यामागें याचें कसें?”

आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. परंतु इतिहास शिकविणाऱ्या माणसाची खोड अशी, कीं उत्तर सुचलें नाहीं म्हणजे तो प्रश्नाचाच इतिहास शोधूं लागतो. अपंग माणूस कामास योग्य केव्हां होतो, हा प्रश्न कोणीं व कोणत्या प्रसंगीं विचारला, त्यास कोणकोणतीं उत्तरें मिळालीं, आणि अखेर प्रश्नाची मांडणीच चुकली आहे असें कांहीं लोकांच्या ध्यानांत कसें आलें, याची हकीगत सुमारें शंभर वर्षांची आहे. ती बहुतांशीं इंग्लंड व अमेरिका या देशांत घडली. आमच्या त्या सल्ल्याची झडतीहि तींत होऊन जाते.

पहिल्या महायुद्धापूर्वीं युरोपांत अपंग माणसास घर किंवा धर्मादाय संस्था यांवांचून आसरा जवळजवळ नव्हता. आंधळ्यांसाठीं टोपल्या व ब्रश करण्याच्या कार्यशाळा होत्या, पण त्याहि दयेच्याच आधारावर उभ्या होत्या. युद्धानें ही स्थिति पालटली. लाखों तरुण हात, पाय किंवा डोळे गमावून परत आले. राष्ट्रासाठीं लढलेल्यांच्या हातीं भिक्षेचा कटोरा देणें राष्ट्राच्या अभिमानास मानवेना. सन १९१९ मध्यें इंग्लंडांत ‘किंग्ज नॅशनल रोल’ नांवाची योजना निघाली. आपल्या नोकरवर्गांत शेंकडा ५ अपंग सैनिक घेणाऱ्या मालकाचें नांव या यादींत नोंदलें जाई आणि त्यास आपल्या पत्रांवर योजनेचा शिक्का वापरतां येई. जर्मनीनें १९२० सालीं याच कामीं कायद्याची सक्ति केली. केंब्रिजजवळ पॅपवर्थ येथें डॉ. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स यांनीं १९१८ पासून क्षयरोग्यांचें एक गांवच वसविलें. तेथें रोगी उपचार घेतां घेतां ट्रंका व लांकडी सामान बनवीत. हिंदी सैनिकांसाठीं १९१७ सालीं मुंबईस निघालेली व पुढें पुण्याजवळ खडकीस गेलेली क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट ही त्याच लाटेची आपल्या इकडील खूण होय.

या सर्व खटपटीच्या मुळाशीं प्रामुख्यानें कृतज्ञता होती, आणि कृतज्ञतेला मर्यादा असते. ज्याचा पाय खंदकांत गेला त्यास मान होता. ज्याचा कोळशाच्या खाणींत गेला, किंवा जो जन्मतःच अधू होता, त्याचें ऋण राष्ट्रास वाटलें नाहीं. शिवाय इंग्लंडांतील योजना ऐच्छिक होती. ज्या मालकास शिक्क्याची हौस नव्हती, त्यास कसलेंच बंधन नव्हतें.

ही मर्यादा दुसऱ्या महायुद्धानें ओलांडावयास लावली. तरुण रणांगणावर गेलेले, कारखान्यांस माणसांची वाण पडलेली. अशा वेळीं कालपर्यंत निरुपयोगी ठरविलेले पुष्कळ हात यंत्रांवर चालूं लागले, आणि ते चालतात हें सर्वांनीं पाहिलें. १९४१ च्या डिसेंबरांत जॉर्ज टॉम्लिन्सन यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली गेली. तिचा अहवाल १९४३ मध्यें आला. आणि मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या कारकीर्दींत १९४४ चा अपंगांच्या नोकरीचा कायदा झाला. सैनिकांस अग्रक्रम राहिला, तरी अपंगत्वाच्या व्याख्येंत इजा, रोग व जन्मजात व्यंग हीं तिन्ही आलीं. २० किंवा अधिक नोकर असलेल्या मालकानें शेंकडा ३ जागा नोंदणी झालेल्या अपंगांस द्याव्या, असें बंधन पडलें. ज्यांना बाहेर काम मिळणें कठीण, त्यांच्यासाठीं सरकारी साहाय्यानें स्वतंत्र कारखाने काढण्याचीहि सोय झाली. त्यांसाठीं १९४५ सालीं स्थापन झालेली कंपनी पुढें ‘रेम्प्लॉय’ या नांवानें प्रसिद्धीस आली. तिचा पहिला कारखाना १९४६ मध्यें दक्षिण वेल्समधील ब्रिजेंड येथें निघाला. तेथें बहुतेक अधू झालेले खाणकामगार होते, आणि खाणींत राबलेले ते हात फर्निचर व व्हायोलिनें बनवूं लागले.

हा कायदा उदार होता, यांत संशय नाहीं. परंतु उदार माणसाच्याहि डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र असतें. याच कायद्याखालीं दोन व्यवसाय अपंगांसाठीं मुद्दाम राखून ठेवले गेले: लिफ्ट चालविणें आणि मोटारींच्या तळावर राखण करणें. अपंगानें काम करावें, पण तें बाजूस बसून करण्यासारखें असावें, अशी ही कल्पना. शेंकडा ३ च्या बंधनाची अंमलबजावणीहि ढिली राहिली; पन्नास वर्षांत या कलमाखालीं झालेले खटले बोटांवर मोजण्याइतकेच भरतील. १९९५ च्या भेदभावविरोधी कायद्यानें तें कलम रद्द झालें.

राहिले ते स्वतंत्र कारखाने, म्हणजेच संरक्षित कार्यशाळा. माणसास आधीं तयार करावें व मग बाहेरच्या जगांत पाठवावें, हें अशा कार्यशाळांचें तत्त्व जगभर मान्य झालें. ऐकावयास तें निर्दोष आहे. आमचा सल्लाहि त्याच जातीचा होता. परंतु बाहेर जाणारे थोडे आणि आंत राहणारे फार, असा अनुभव देशोदेशीं आला. त्याचें एक कारण उघड आहे. कार्यशाळेस आपला माल वेळेवर पुरा करावयाचा असतो. ज्याचा हात सर्वांत बसलेला, तोच बाहेर जाण्यास सर्वांत योग्य, आणि चालकांस सोडण्यास सर्वांत जड. दुसरें कारण अधिक खोल आहे. पणती रंगविण्याचें शिक्षण पणतीपुरतें असतें. गाडी पकडून वेळेवर पोहोंचणें, वरिष्ठाचें बोलणें उमजणें, चहाच्या सुटींत चारचौघांत बसणें या गोष्टी कामाच्या खऱ्या जागीं गेल्यावांचून येत नाहींत. मजुरीची कथा निराळीच. अमेरिकेंत १९३८ च्या कायद्यानें अपंग कामगारांस किमान वेतनाहूनहि कमी मजुरी देण्याचे परवाने मिळूं लागले. ‘अजून तयार नाहीं’ या शेऱ्याखालीं माणसांचीं आयुष्यें गेलीं.

या तत्त्वाला पहिला मोठा धक्का एका सायकलच्या ब्रेकनें दिला. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाचे मार्क गोल्ड यांनीं बुद्धीची वाढ फार मंद असलेल्या माणसांस १५ सुट्या भागांचा ब्रेक जोडावयास शिकविला, आणि त्याचा वृत्तांत १९७२ मध्यें प्रसिद्ध केला. ज्यांना खोकीं भरण्यापलीकडे कांहीं जमणार नाहीं असें समजलें जाई, त्यांनीं तें काम बिनचूक केलें. गोल्ड यांचें म्हणणें असें, कीं शिकणारा अडला तर तें शिकविणाराचें अपयश समजावें व दुसरी रीत शोधावी. वर्गांत नापासांची यादी लावणाऱ्या आम्हां प्रोफेसर मंडळींस हें वाक्य बोंचण्यासारखें आहे.

गोल्ड यांनीं शिकविण्याची रीत बदलली. पुढच्या लोकांनीं जागाहि बदलली. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठांत पॉल वेहमन व त्यांचे सहकारी यांनीं १९८० च्या सुमारास जुना क्रमच उलटा केला: आधीं नोकरी, मग शिकवण, आणि तीहि नोकरीच्याच जागीं. या पद्धतींत प्रथम माणसाची आवड व संवय पाहतात. मग मालकाशीं बोलून त्याच्या कारभारांतील कोणतें काम या माणसाला जुळेल तें ठरवितात. वाटल्यास कामाची वांटणी थोडी बदलून घेतात. पहिल्या दिवसापासून ‘जॉब कोच’ नांवाचा एक सोबती बरोबर जातो. तो स्वतः तें काम शिकतो, त्याचे लहान लहान टप्पे पाडतो, शेजारीं उभा राहून शिकवितो, आणि जसजसा हात बसेल तसतसा मागें सरतो. त्याची जागा हळूहळू शेजारचे सहकारी घेतात. मात्र अडचण आली तर तो पुन्हां येतो. वर्षानंतर येतो, पांच वर्षांनंतरहि येतो. पगार कामाचा बाजारभावाचा. अमेरिकन कायद्यांत १९८४ सालीं या सेवेची व्याख्या आली, आणि १९८६ च्या दुरुस्तीनें तिच्यासाठीं राज्यांस पैसाहि मिळूं लागला.

मनोरुग्णांच्या बाबतींत तर ‘आधीं बरा हो, मग काम कर’ हा दंडक अधिकच पक्का होता. डेबोरा बेकर व रॉबर्ट ड्रेक यांनीं १९९० नंतरच्या वर्षांत न्यू हँपशरमध्यें तो मोडला. ज्यास काम करण्याची इच्छा आहे तो पात्र, दुसरी परीक्षा नाहीं, असा त्यांचा नियम. युरोपांतील सहा शहरांत ३१२ रुग्णांवर या पद्धतीची तुलना जुन्या प्रशिक्षणाशीं करण्यांत आली. २००७ मध्यें निकाल प्रसिद्ध झाला: नव्या रीतीनें शेंकडा ५५ जणांस निदान एक दिवस तरी खुल्या बाजारांत काम मिळालें, जुन्या रीतीनें शेंकडा २८ जणांस. आंकडा दुप्पट आहे, पण शेंकडा ४५ घरींच राहिले हेंहि त्यांतच लिहिलेलें आहे. ही कांहीं जादू नव्हे.

येथें गोष्ट संपविली तर ती खोटी होईल. नवा विचार मान्य झाल्यावर जुन्या भिंती पाडण्याची घाई होते. रेम्प्लॉयचे ऐन भरांत ९० हून अधिक कारखाने होते. सरकारी पैसा कारखान्यांवर न खर्चतां माणसांमागें जावा, अशी शिफारस २०११ च्या एका अहवालानें केली. २०१२ मध्यें कारखाने बंद करण्याची घोषणा झाली आणि २०१३ च्या अखेरीपर्यंत ते जवळजवळ सर्व बंद झाले. शिफारशीचें तत्त्व आम्हांस पटतें. परंतु तो काळ मंदीचा होता. वीस-तीस वर्षें एका बांकावर बसून काम केलेलीं माणसें रस्त्यावर आलीं, त्यांनीं निषेधाचे मोर्चे काढले, आणि त्यांतील अनेकांस पुढें दीर्घ काळ काम मिळालें नाहीं. कार्यशाळेची भिंत त्यांना कोंडीत होती हें खरें. पण त्याच भिंतीला तीं टेकून उभीं होतीं, हेंहि तितकेंच खरें. आधी सोबती उभा करावा, मग भिंत पाडावी. हा क्रम चुकला कीं सुधारणेची किंमत दुबळ्यास भरावी लागते.

आपल्या देशांत १९९५ च्या कायद्यानें सरकारी नोकऱ्यांत शेंकडा ३ जागा राखल्या. २०१६ च्या कायद्यानें त्या ४ केल्या आणि बौद्धिक अक्षमता व मानसिक आजार यांस प्रथमच त्यांत वांटा दिला. हें पाऊल लहान नव्हे. परंतु राखीव जागा निराळी व आधार निराळा. जागा माणसास दारापर्यंत नेते. दाराच्या आंत पहिल्या महिन्यांत त्याच्याशेजारीं उभें कोण राहणार, हें टक्केवारींत सांगितलेलें नसतें. बेव्हिन यांच्या शेंकडा ३ ची कथा आपण वाचलीच आहे.

आतां आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येऊं. ‘हा योग्य केव्हां व्हावयाचा?’ याचें उत्तर, इतिहासाच्या आधारानें, असें द्यावें लागतें, कीं तो बारा वर्षांपूर्वींच योग्य होता. तयारी आमची नव्हती. त्याच्या घराजवळ एका पुस्तकबांधणीवाल्याचें दुकान आहे. आम्हीं त्यास त्या पणत्या दाखविल्या. रेघ पाहून तो म्हणाला, “हात चांगला आहे. दोन तास पाठवा, पण मला शिकवीत बसायला वेळ नाहीं.” पहिल्या महिन्याच्या सकाळ्या मुलाची बहीण व आम्ही यांनीं वांटून घेतल्या आहेत. खळ लावणें व पुठ्ठा कापणें आम्ही दोघेंहि प्रथम शिकत आहों, आणि आमच्याहून त्याच्या कडा सरळ येतात.

परंतु शेजाऱ्यांची भलाई म्हणजे सेवा नव्हे. किंग्ज रोलचा शिक्काहि भलाईचाच होता. उद्यां बहिणीची बदली झाली, किंवा आम्ही आजारी पडलों, तर त्या मुलाशेजारीं उभें राहावयाचें काम ज्याचें आहे असा कोणी पगारी माणूस आमच्या गांवांत नाहीं. तो असावा, अशी मागणी करण्याचें काम मात्र आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचें आहे. पणत्या विकत घेऊन तें पुरें होत नाहीं.