जीव वाचविण्याचे शिक्षण : चर्चमधून शाळेत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामाच्या सणाचा दिवस होता. मिस्सा आटोपून मंडळी मांडवात जमली होती. इतक्यात साठीच्या घरातील एक गृहस्थ बसल्या खुर्चीवरून एकाएकी खाली कोसळले. धावाधाव झाली. कोणी तोंडावर पाणी शिंपडले, कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी तळपाय चोळू लागले, कोणी गाडीसाठी फोन लावला. आम्हांस हाक आली. आजाऱ्यांच्या अभ्यंगाचे तेल घेऊन आम्ही धावत गेलो, त्यांच्या कपाळाला व तळहातांना तेल लावले आणि प्रार्थना म्हटली. वीसेक मिनिटांनी गाडी आली. रुग्णालयाच्या दारातच डॉक्टरांनी त्यांना मृत घोषित केले. मग त्यांनी सोबतच्या मंडळींना एकच प्रश्न विचारला, "वाटेत कोणी छाती दाबली होती का?"

कोणीही दाबली नव्हती. त्या मांडवात शिक्षक होते, अभियंते होते, निवृत्त मुख्याध्यापक होते. सेमिनरीत दहा वर्षे तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकलेले आम्हीही होतो. मरणाऱ्याच्या उशाशी कसे बसावे हे आम्हांस शिकविलेले होते. त्याच्या छातीवर हात कसे ठेवावेत हे कोणी शिकविले नव्हते. छाती दाबली असती तर ते गृहस्थ वाचलेच असते, असे कोणी सांगू शकत नाही. परंतु तो प्रश्न मनातून गेला नाही. हे ज्ञान आमच्यापर्यंत का पोहोचले नाही, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम वैद्यकशास्त्र काय सांगते ते थोडक्यात पाहू. हृदय थांबले की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. काहीच उपचार न मिळाल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. अशा वेळी छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून, कोपरे ताठ ठेवून, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, मोठ्या माणसाच्या बाबतीत निदान पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहिले, तर थोडे का होईना रक्त मेंदूपर्यंत जात राहते. तोंडाने श्वास देण्याची जोड मिळून बनणाऱ्या या उपचाराला आज सर्वत्र 'सीपीआर' म्हणतात. रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी त्या पहिल्या चार-पाच मिनिटांत ती क्वचितच पोहोचते. ती मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाची असतात.

वैद्यकाचे इतिहासकार या विषयाचा आरंभ अनेकदा पवित्र बायबलमधील एका प्रसंगाने करतात. राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शुनेम गावच्या स्त्रीचा मुलगा मरण पावतो. अलीशा संदेष्टा प्रथम आपल्या सेवकाच्या हाती काठी देऊन त्याला पुढे पाठवितो. काठी मुलाच्या तोंडावर ठेवली जाते, पण काही घडत नाही. मग अलीशा स्वतः येतो, मुलाच्या तोंडावर तोंड आणि हातांवर हात ठेवून त्याच्यावर पाखर घालतो आणि मुलाच्या अंगात ऊब येते. हा चमत्कार आहे. त्यास वैद्यकीय नोंद म्हणणे योग्य नाही. तरीही दुरून पाठविलेल्या काठीने जे साधले नाही, ते जवळ आलेल्या देहाने साधले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

लिखित वैद्यकीय नोंद मिळते ती १७३२ सालची. स्कॉटलंडमधील अलोआ येथे कोळशाच्या खाणीतील धुराने निपचित पडलेल्या एका कामगाराला विल्यम टॉसॅक या शल्यवैद्याने तोंडाला तोंड लावून श्वास दिला आणि तो कामगार उठून बसला. टॉसॅकने ही हकिगत १७४४ साली प्रसिद्ध केली. पण एका वैद्याने एक माणूस वाचविणे वेगळे आणि गावाने गाव वाचविणे वेगळे. हे दुसरे काम प्रथम हाती घेतले ते ॲमस्टरडॅम शहराने. त्या शहरात पावलोपावली कालवे आणि त्यांत बुडून मरणारेही पुष्कळ. १७६७ साली तेथील नागरिकांनी बुडालेल्यांना वाचविण्यासाठी एक संस्था स्थापन केली. काय करावे याच्या सूचना तिने प्रसिद्ध केल्या आणि जीव वाचविणाऱ्यास बक्षीस ठेवले. त्या सूचनांत शरीराला ऊब देणे आणि तोंडाने श्वास फुंकणे होते, तसेच गुदद्वारावाटे तंबाखूचा धूर सोडण्यासारखे आज हसू आणणारे उपायही होते. तरीही पहिल्या चार वर्षांत सुमारे १५० जीव वाचविल्याचे संस्थेने जाहीर केले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १७६८ साली, जर्मनीतील हँबर्ग शहराने काढलेला हुकूम आम्हांस विशेष वाटतो. बुडालेल्या, गळफास बसलेल्या, विषारी वायूने गुदमरलेल्या आणि थंडीने गोठलेल्या माणसाला मदत कशी करावी, हे शहरातील सर्व चर्चमधून वाचून दाखवावे, असा तो हुकूम होता. ती चर्चेस लुथरपंथीय होती, हे सांगावयास हवे. परंतु अधिकाऱ्यांचा विचार सरळ होता. सगळे गाव जेथे एकत्र येते, तेथेच सगळ्या गावाला शिकविता येते. त्या काळी असे ठिकाण चर्चच होते.

लंडनमध्ये विल्यम हॉज या वैद्याने थेम्स नदीतून काढलेली माणसे वेळेत आपल्याकडे आणणाऱ्यांस पदरचे पैसे देण्यास सुरुवात केली होती. थॉमस कोगन या दुसऱ्या वैद्याने ॲमस्टरडॅमच्या संस्थेचे वृत्तान्त इंग्रजीत आणले. या दोघांच्या पुढाकाराने १७७४ साली जी संस्था उभी राहिली, तीच पुढे 'रॉयल ह्युमेन सोसायटी' म्हणून प्रसिद्ध झाली.

येथून पुढे मात्र ही विद्या मागे सरकली. प्राणवायूचा शोध लागला आणि उच्छ्वासातील हवा 'वापरलेली' असते असे कळताच तोंडाने श्वास देण्याविषयी विद्वानांच्या मनात किंतु निर्माण झाला. त्याऐवजी भाते आले. भात्यांनी फुफ्फुसांना इजा होते असे दिसल्यावर तेही गेले. मग रुग्णाला कुशीवर वळविण्याच्या, हात वर-खाली करण्याच्या, पाठ दाबण्याच्या पद्धती एकामागून एक आल्या. मार्शल हॉल यांची १८५६ सालची, सिल्व्हेस्टर यांची १८५८ सालची, शेफर यांची १९०३ सालची आणि होल्गर नील्सन यांची १९३२ सालची. बालवीरांनी आणि जलतरणपटूंनी त्या निष्ठेने गिरविल्या. त्यांची मोठी उणीव पुढे उघड झाली : बेशुद्ध माणसाची मान मागे करून श्वासमार्ग मोकळा केलेला नसेल, तर पाठ दाबून फुफ्फुसांत पुरेशी हवा जातच नाही.

अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जेम्स एलम यांनी १९५४ साली दाखवून दिले की, उच्छ्वासातील हवेत दुसऱ्याला जगविण्याइतका प्राणवायू असतो. पीटर सफर यांनी बाल्टिमोर येथे स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून ते पक्के केले. या प्रयोगांत श्वास देणाऱ्यांमध्ये वैद्यकाचा गंधही नसलेले सामान्य लोक होते, बालवीरही होते. त्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर या तिघांनी छाती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येते, असे १९६० साली प्रसिद्ध केले. पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले होते. या कामाला दोन हातांखेरीज काही लागत नाही, असे त्यांनी स्वच्छ सांगितले होते. तिघांतील कौवेनहोवेन डॉक्टर नव्हते, विद्युत अभियंते होते, हेही ध्यानात घ्यावे.

ही विद्या शाळेत नेण्याचा मान नॉर्वेकडे जातो. स्टाव्हांगर गावात ओस्मुंड लार्डाल नावाचे खेळण्यांचे कारखानदार होते. त्यांचा लहानगा मुलगा बुडता बुडता वाचला होता. त्यांनीच त्याला वाचविले होते. तेथील भूलतज्ज्ञ ब्योर्न लिंड यांच्या सहकार्याने त्यांनी १९६० साली सरावासाठी माणसाएवढी प्लास्टिकची बाहुली तयार केली. नॉर्वेतील बचत बँकांनी अशा शेकडो बाहुल्या शाळांना भेट दिल्या आणि १९६१ सालापासून तेथील शाळांत हे शिक्षण सुरू झाले. हँबर्गच्या हुकुमानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, सगळे गाव एकत्र येते ते ठिकाण बदलले होते. आता ते शाळा होते.

इतरत्र मात्र अधिकारी मंडळी चाचरत राहिली. सामान्य माणसाच्या हातून बरगडी मोडेल, नको तेथे छाती दाबली जाईल, अशी भीती होती. अमेरिकेत १९६६ सालच्या परिषदेने हे प्रशिक्षण वैद्यकीय व्यवसायातील लोकांनाच द्यावे अशी शिफारस केली; सर्वसामान्यांना शिकविण्याची शिफारस यावयास १९७४ साल उजाडले. सिएटल शहराने तेवढी वाट पाहिली नाही. डॉ. लेनर्ड कॉब आणि अग्निशमन दलाचे प्रमुख गॉर्डन व्हिकरी यांनी १९७२ पासूनच नागरिकांना शिकविण्यास आरंभ केला होता. बरगडी मोडण्याची भीती खोटी नव्हती. पण मोडलेली बरगडी सांधता येते.

डेन्मार्कने २००५ साली कायद्याने शाळांत हे शिक्षण आणले आणि २००६ पासून वाहन परवान्यासाठीही ते आवश्यक केले. तेथील सुमारे ३५ हजार शाळकरी मुलांना फुगवता येणारी छोटी बाहुली घरी देण्यात आली, तेव्हा प्रत्येक मुलाने घरातील व शेजारपाजारची सरासरी अडीच माणसे शिकवून तयार केली. २००१ साली रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्यांपैकी २१ टक्क्यांना जवळच्या माणसाकडून सीपीआर मिळत होता; २०१० साली हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास गेले. तीस दिवस जगणाऱ्यांचे प्रमाण ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर आले. याचे सारे श्रेय शाळांना देणे बरोबर होणार नाही. इतर सुधारणाही त्याच काळात झाल्या. शिवाय कायदा होऊनही तेथील पुष्कळ शाळांनी हे वर्ग घेतलेच नाहीत, असे नंतर आढळले. कागदावरची सक्ती एकटी पुरत नाही, हाही या इतिहासाचा धडा आहे.

शाळकरी मुलांना हे झेपेल काय, असा प्रश्न पालक विचारतात. वेल्समधील एका अभ्यासात २००७ साली दिसून आले की, १३-१४ वर्षांची मुले मोठ्यांच्या तोडीने छाती दाबू शकतात. त्याहून लहान मुलांचा जोर कमी पडतो, पण पद्धत ती शिकतात आणि लक्षात ठेवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली, बाराव्या वर्षापासून दरवर्षी दोन तास हे शिक्षण द्यावे, या आवाहनास पाठिंबा दिला. इंग्लंडने सप्टेंबर २०२० पासून ते सरकारी शाळांतून सक्तीचे केले.

आपल्याकडे आणखी एक भीती आहे ती पोलिसांच्या ससेमिऱ्याची. रस्त्यावरील अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली संरक्षण दिले आणि २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात कलम १३४-अ आले. त्यामुळे ही सबब बरीच लंगडी पडली आहे. उरते ती न येण्याची सबब. आम्ही शाळेत असताना पुस्तकात प्रथमोपचाराचा धडा होता. त्रिकोणी पट्टीचे चित्र आम्ही वहीत काढले आणि त्यावर गुणही मिळविले. पट्टी कधी हातात धरली नाही. वाचून पोहता येत नाही, तसेच वाचून छाती दाबता येत नाही. म्हणून नववीच्या वर्गात वर्षाकाठी दोन तास, जमिनीवर गुडघे टेकून प्रत्यक्ष सराव, अशी सक्ती असावी, असे आमचे मत आहे. ज्या मुलास आवड आहे त्याने शिकावे, असे म्हणून भागणार नाही. कोण कोणापुढे कोसळेल हे आवड पाहून ठरत नाही.

अशा सक्तीची कल्पना आपल्या श्रद्धेला अपरिचित नाही. मरणाची घटका आली आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर कोणीही पाणी ओतून, योग्य शब्द उच्चारून बाप्तिस्मा देऊ शकतो, ही शिकवण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. एरवी धर्मगुरूंच्या हाती असलेली गोष्ट ख्रिस्तसभेने त्या घटकेपुरती प्रत्येकाच्या हाती दिली, कारण तेथे वाट पाहण्यास वेळ नसतो. आत्म्याविषयी आपण जे मान्य केले, ते देहाविषयी मान्य करण्यास अडचण नसावी.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात दृढीकरणाच्या वर्गातील मुलांसाठी एका डॉक्टरांनी हा वर्ग घेतला. बाहुल्या दोनच होत्या. उरलेल्यांनी उशांवर हात चालविला. आम्हीही गुडघे टेकून बसलो. दोन मिनिटांतच आमचा दम उखडला, हात ढिले पडू लागले. शेजारच्या उशीवर सराव करणारी चौदा वर्षांची मुलगी थांबली, आमच्याकडे पाहून म्हणाली, "फादर, कोपर वाकवू नका." आम्ही कोपर ताठ केले आणि पुन्हा एकपासून मोजू लागलो.