वणी : बालकांचे आंतरजालीय संरक्षण

वणी (जि. यवतमाळ) या कोळसा खाणींच्या तालुक्याला बालकांच्या आंतरजालीय संरक्षणाचा स्वतःचा असा कायदा नाही. ‘माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००’ आणि ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ (रूढ नाव ‘पोक्सो’) हे संसदेचे दोन अधिनियम देशभर लागू आहेत तसेच येथेही लागू असून, दोहोंच्या लेखी अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, बालक ठरते.

पहिल्या अधिनियमातील कलम ६७-बी २००८ च्या दुरुस्तीने आले व २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलात आले. बालकांची लैंगिक चित्रे वा चित्रफिती प्रसारित करणे तर त्यानुसार गुन्हा आहेच, पण त्या शोधणे, पाहणे व उतरवून घेणे हाही गुन्हा असून पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पोक्सोच्या कलम ११ नुसार लैंगिक हेतूने बालकाशी डिजिटल माध्यमातून वारंवार संपर्क साधत राहणे हा लैंगिक छळ होय. बालकांच्या लैंगिक चित्रांसारख्या सामग्रीला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हटल्याने तिच्यामागचे शोषण झाकले जाते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निर्णयात न्यायालयांना ही संज्ञा टाळण्यास सांगितले. शब्दाची ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.

वणीसारख्या ठिकाणी शिक्षेच्या कलमांहून अधिक मोलाची आहेत ती तक्रारीसंबंधीची कलमे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचे, किंवा घडण्याचा संभव असल्याचे, ज्याला कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक असून, झालेला गुन्हा दडवणाऱ्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाने हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो; न कळवल्याबद्दल बालकाला मात्र कधीच शिक्षा नाही. जबाब बालकाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता नोंदवायचा असतो. बालक स्वतः तक्रार देत असेल तर ती त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहावी लागते, आणि नोंदीची भाषा त्याला कळत नसल्यास दुभाषा द्यावा लागतो. परिसरातील कोलाम पोडांवर, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवर, घरात कोलामी बोलली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या शेवटच्या तरतुदीचे महत्त्व कळते. दुभाष्याविना लिहिलेल्या जबाबात मुलाचे म्हणणे किती उतरेल, ही शंका रास्तच आहे.

तपासाचा एक नियम स्थानिक पातळीवर जाणवणारा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्याचा तपास कलम ७८ नुसार पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा अधिकारी करू शकत नाही. त्यामुळे लहान ठाण्यात निरीक्षकांवरच या प्रकरणांचा भार येतो. पोक्सोखालील तक्रार मात्र मिळाल्यापासून २४ तासांच्या आत पोलिसांना बाल कल्याण समितीला व विशेष न्यायालयाला (ते नसल्यास सत्र न्यायालयाला) कळवावी लागते. ठाण्यापर्यंत जाणे अवघड असलेल्यांसाठी १०९८ ही बालकांची मदतवाहिनी, तसेच राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळ उपलब्ध असून, बालकांविषयीची तक्रार तेथे नाव न देताही नोंदवता येते.