मॅग्नोलिया मळ्यावरील मजूरखोल्या

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात केन नदीच्या काठी, नॅकिटिश परगण्यातल्या मॅग्नोलिया या कापसाच्या मळ्यावरील मजुरांची वस्ती. तिकडे अशा वस्तीला नुसते ‘क्वार्टर्स’ म्हणतात. मळा लेकाँत आणि पुढे हर्टझॉग घराण्याचा. घरे मात्र १८४०च्या दशकात गुलामांनीच बांधली. विटांच्या २४ घरांपैकी ८ आज उभी आहेत.

प्रत्येक घरात दोन खोल्या, मध्ये भिंत आणि त्या भिंतीत एकच धुराडे. त्याच्या दोन्ही अंगांना पाठीला पाठ लावलेल्या दोन चुली. एका खोलीत एक कुटुंब. स्वयंपाक, ऊब, झोप, बाळंतपण, आजारपण, सारे त्या एका चुलीपुढे. पलीकडच्या कुटुंबाचे दार वेगळे, धुराडे तेवढे सामाईक.

१८६४ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, मालकांचा वाडा जळाला. मजूरखोल्या राहिल्या. वाडा पुन्हा उभा राहायला १८९०चे दशक उजाडले.

१८६५मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पण खोल्या रिकाम्या झाल्या नाहीत, आणि या वस्तीचा इतिहास समजून घ्यायचा तर नजर इथेच ठरायला हवी. काल गुलाम असलेली माणसे आता रोजंदारीवर किंवा वाट्याने जमीन कसू लागली. कापूस पिकवायचा, मालकाचा हिस्सा द्यायचा आणि हंगाम येईपर्यंत मळ्यावरच्या दुकानातून पीठमीठ, कापडचोपड उधारीवर उचलायचे. आपल्याकडचा सालगडी किंवा उचल घेऊन बांधला गेलेला ऊसतोड कामगार ज्याने पाहिला आहे, त्याला ही खातेवही वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एक बदल मात्र मोलाचा झाला: दोन कुटुंबांचे घर आता एका कुटुंबाचे झाले.

पुढे कापूस वेचायला यंत्र आले, तरुण शहरांकडे गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती ओस पडली. १९९४ साली केन रिव्हर क्रिओल राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले, त्यात या खोल्या, दुकान आणि कापसाचे गठ्ठे बांधणारा भला मोठा लाकडी स्क्रूचा दाबयंत्र-सांगाडा जतन झाला.

अशी घरे टिकणे विरळाच. बहुतेक लाकडी होती, कुजली, पाडली गेली. याच राज्यातील एव्हरग्रीन मळ्यावर २२ लाकडी खोल्या मूळ जागी आहेत. साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरची एक खोली २०१३मध्ये फळीफळीने सुटी करून वॉशिंग्टनला नेली. २०१६पासून ती स्मिथसोनियनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयात आहे.

मे २०१०मध्ये चार्ल्सटनजवळच्या दुसऱ्या एका मळ्यावर (नाव त्याचेही मॅग्नोलियाच) जोसेफ मॅकगिल अशाच एका खोलीत रात्रीच्या मुक्कामाला राहिले. गुलामांच्या वंशातले हे गृहस्थ वारसा-जतनाच्या कामातले. पुढे त्यांनी ‘स्लेव्ह ड्वेलिंग प्रोजेक्ट’ उभारला आणि इतरांनाही सोबत नेऊ लागले. संध्याकाळी शेकोटीभोवती बोलणे होते, मग सगळे त्या खोलीच्या जमिनीवरच अंग टाकतात.