तेलाचा हिशेब, पेंडीचा हिशेब

लाकडी घाण्यात भुईमुगाचे दाणे घातले की दोन वस्तू हाती येत : तेल आणि पेंड. तेल घरात जाई, पेंड गोठ्यात. ती खाऊन बैल घाणा फिरवी आणि नांगरही ओढी. म्हणजे शेतीकामाचे इंधन शेतातच पिकत होते.

पुढे बैलाची जागा इंजिनाने घेतली. शेतातले तेल त्याला चालेल का? पॅरिसच्या 1900 सालच्या जागतिक प्रदर्शनात ओटो कंपनीने एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले. रुडॉल्फ डिझेलने आपले इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनवले, असे पुष्कळदा वाचायला मिळते. ते बरोबर नाही. हे इंजिन खनिज तेलासाठी बनवलेले होते. भुईमुगाची कल्पना फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग भरपूर पिके. तेथील यंत्रे बाहेरून इंधन न आणता चालावीत, हा हेतू होता. ही हकीकत डिझेलनेच 1912 साली सांगितली.

मग हे तेल रूढ का झाले नाही? खनिज तेल स्वस्त होते, हे एक कारण. शिवाय वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट वाहते. त्याचा फवारा बारीक उडत नाही, ज्वलन अपुरे होते आणि इंजिनात काजळी साचते. यावर उपाय निघाला बेल्जियममध्ये. शावान यांनी 1937 साली तेलाची अल्कोहोलशी अभिक्रिया घडवून एस्टर बनवण्याचे पेटंट घेतले. या क्रियेत ग्लिसरीन वेगळे होते आणि पातळ इंधन मिळते. तेच आजचे बायोडिझेल. ऑस्ट्रियाने 1991 साली रेपसीड या मोहरीवर्गीय पिकाच्या तेलापासून केलेल्या अशा इंधनाचे मानकही ठरवले.

पण पेंडीचे काय? छोट्या यंत्रात 100 किलो रेपसीडमधून 30-35 किलो तेल निघते. बाकी बहुतेक सारी पेंडच. पूर्वी तिच्यातील अपायकारक ग्लुकोसिनोलेटांमुळे ती जनावरांना बेतानेच द्यावी लागे. ही द्रव्ये कमी असलेले वाण कॅनडात 1974 साली आले आणि पेंडीला मोल आले.

आपल्याकडे मोगली एरंडाबाबत नेमके उलटे झाले. 2009 च्या राष्ट्रीय धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के जैवइंधन मिसळण्याचे लक्ष्य होते. बायोडिझेलच्या बाबतीत ते फार दूर राहिले. कोरडवाहू जमिनीत अपेक्षेइतके बी आले नाही, आणि जी पेंड उरली तीही विषारी, गोठ्यात न चालणारी.

वर्गात तेलबियांचा धडा घेताना विद्यार्थ्यांना एवढे जरूर विचारावे : तेल काढल्यावर जे उरते, ते कोण खाणार?