शांबरिक खरोलिका : चित्रे, दिवे आणि आवाज

भारतात सिनेमा प्रथम दाखवला गेला तो ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. ल्यूमिएर बंधूंच्या या खेळाची तारीख अनेकांना पाठ असते. पण त्याच्या चार वर्षे आधी, १८९२ च्या सुमारास, कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन पडद्यावर चित्रमालिका दाखवू लागले होते. खेळाचे नाव ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा पुराणातला मायावी असुर. शांबरिक म्हणजे जादूचा आणि खरोलिका म्हणजे दिवा. ‘मॅजिक लँटर्न’चे हे भाषांतर.

जादूचा कंदील मूळचा युरोपातला. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने १६५९ च्या सुमारास तो तयार केला. दिवा, काचेवर रंगवलेले चित्र आणि भिंग एवढीच त्याची सामग्री. भिंगातून प्रतिमा उलटी पडते, म्हणून काच उलटी ठेवायची. पण एका कंदिलात एका वेळी एकच चित्र. काच बदलताना पडदा रिकामा पडतो आणि गोष्टीचा धागा तुटतो.

यावर उपाय एकाहून अधिक कंदिलांचा. दोन कंदिलांच्या प्रतिमा पडद्यावर एकाच जागी पाडायच्या. एकाचा प्रकाश मंद करत न्यायचा, त्याच वेळी दुसऱ्याचा वाढवायचा. पहिले चित्र दुसऱ्यात विरघळते. दोन्ही चित्रांत फक्त हाताची जागा वेगळी असेल, तर हात हलल्याचा भास होतो. पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी काचेवर हाताने चित्रे रंगवून, एकाहून अधिक कंदील वापरून पौराणिक कथा अशा रंगवल्या. जोडीला निवेदन आणि संगीत असे. १८९६ चा सिनेमा मुका आणि रंगहीन होता. शांबरिक खरोलिकेला मात्र रंग होते आणि आवाजही होता.

आपल्या प्रेक्षकांना हा मेळ नवखा नव्हता. कोकणात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चित्रकथी सादर करतात. एकेक चित्र समोर धरायचे आणि वाद्यांच्या साथीने कथा गायची. चित्रांचा क्रम आणि जिवंत आवाज यांची सांगड तिथे आधीच होती. कंदिलाने तिला प्रकाश दिला.

विसाव्या शतकात काचेची जागा ३६ × २४ मिलिमीटरच्या फिल्मच्या स्लाइडने घेतली. कोडॅकचा ‘कॅरोसेल’ प्रोजेक्टर १९६१ मध्ये आला. त्याच्या गोल तबकात ८० स्लाइड मावत. १९६७ च्या माँट्रियल प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाने ११२ चौकोनी खोक्यांची भिंतच उभारली. प्रत्येक खोक्यात दोन प्रोजेक्टर, म्हणजे एकूण २२४. स्लाइड सुमारे १५,०००.

एवढा पसारा शाळेला परवडणारा नव्हता. तिथे पेटी आटोपशीर हवी. ती कशी करायची, हे प्रकाशशास्त्र सांगते. ३६ मिलिमीटर रुंदीची स्लाइड ७२ सेंटिमीटर रुंद दिसायला विशालन २० पट हवे. भिंगापासून पडद्याचे अंतर म्हणजे नाभीय अंतर गुणिले (विशालन + १). ८५ मिलिमीटरचे भिंग घेतले तर हे अंतर सुमारे १७९ सेंटिमीटर येते. ३५ मिलिमीटरचे घेतले तर साडेत्र्याहत्तर. वाटेत आरसा तिरपा ठेवून किरण वळवले की पेटी आणखी लहान होते. पडद्याच्या मागून प्रतिमा पाडली तर डावे-उजवे उलटते, पण एका आरशाने तेही पुन्हा सुलटे होते.

आवाजासाठी दोन ट्रॅकचा टेपरेकॉर्डर वापरत. एका ट्रॅकवर निवेदन, दुसऱ्यावर श्रोत्यांना ऐकू न जाणारे संकेत. संकेत आला की प्रोजेक्टर पुढची स्लाइड आणी. ही सोय मोठी होती, पण तिची किंमतही होती. निवेदक समोर असला की प्रेक्षकांचे चेहरे पाहून थांबतो, एखादे वाक्य पुन्हा सांगतो. टेप मात्र ठरल्या सेकंदाला पुढे जाते. वर्गात मुलाला शंका आली तरी पुढची स्लाइड येतेच, आणि शिक्षकही प्रेक्षकांतलाच एक होतो.

कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले. आज संगणकावर चित्र आणि आवाज सहज जुळतात, पण वर्गाची गती कोणी ठरवायची हा प्रश्न तसाच आहे. तयार चित्रफीत लावून बाजूला उभे राहण्याच्या काळात पटवर्धनांची पद्धत म्हणूनच आठवावी.

कोलाडसारख्या गावातल्या शाळेतही ती करून पाहता येईल. दोन टॉर्च, पारदर्शक कागदावर मुलांनी काढलेली दोन चित्रे आणि १० सेंटिमीटर नाभीय अंतराची दोन भिंगे घ्या. चित्र भिंगापासून ११ सेंटिमीटरवर उलटे धरले, की ११० सेंटिमीटरवर दहापट मोठी प्रतिमा मिळते. खोली शक्य तितकी काळोखी करा. दोन्ही प्रतिमा एकावर एक आणा. एका मुलाने पुठ्ठ्याने एक भिंग हळूहळू झाकावे, दुसऱ्याने त्याच वेळी दुसरे उघडावे. कुंडलिकेचे उन्हाळ्यातले पात्र पावसाळ्यातल्या पात्रात बदलताना दिसेल. निवेदन तिसऱ्या मुलाने करावे, आणि कोणी प्रश्न विचारला तर पुठ्ठा तिथेच थांबवावा.